वेडाचे हसू आणि वेड्याचे प्रेम

मनोविकार असलेल्या माणसांची प्रेमकथा, आणि तीही हसतखेळत सांगितलेली, असा एखादा मराठी चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवावा म्हणून आम्ही शोध घेऊ लागलो. निमित्त साधे होते. वर्गात सुखात्मिकेचा विषय चालू असताना २०१२ सालच्या 'सिल्व्हर लायनिंग्ज प्लेबुक' या अमेरिकन चित्रपटाचा उल्लेख झाला. त्यातला नायक बायपोलर विकारामुळे मनोरुग्णालयात राहून नुकताच घरी परतला आहे. नायिका पतीच्या मृत्यूनंतर खचलेली आहे. दुसऱ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर दोघांची पहिली भेट होते आणि कोणती गोळी घेतल्यावर कसे वाटते यावर त्यांच्या गप्पा रंगतात. यजमान अवघडतात, ही दोघे मात्र प्रथमच कुणाशी तरी मोकळेपणाने बोलत असतात. प्रेक्षक हसतो, पण कोणावर? अवघडलेल्या शहाण्यांवर. हे पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "मराठीत असे काय आहे?" आम्ही उत्तर दिले नाही, कारण चटकन सुचले नाही. 'देवराई' सुचला, 'कासव' सुचला. पण त्यात हसू कुठे आहे? हसू असलेले चित्रपट आठवले, तर त्यांतील वेडा प्रेमात पडण्याच्या लायकीचाच नव्हता.

हा शोध आम्हाला चित्रपटाच्या बराच मागे, थेट आठव्या शतकात घेऊन जाईल आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यात नेऊन सोडेल, असे तेव्हा वाटले नव्हते.

आपल्या साहित्यशास्त्रात उन्मादाला मानाचे पान आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात तेहेतीस व्यभिचारी भावांत त्याची गणना होते आणि कामाच्या ज्या दहा अवस्था सांगितल्या आहेत, त्यांतही अभिलाषापासून मरणापर्यंतच्या वाटेवर उन्माद हा एक मुक्काम आहे. म्हणजे प्रेमिकाने वेडे होणे ही आपत्ती नसून प्रेमाच्या खरेपणाची खूण आहे. 'विक्रमोर्वशीया'च्या चौथ्या अंकात पुरूरवा रानावनात पशुपक्ष्यांना आणि वेलींना उर्वशीचा ठावठिकाणा विचारत फिरतो. त्याला वैद्याकडे न्यावे असे कुणालाही वाटत नाही. त्याच संस्कृतीत वैद्याचा उन्माद मात्र निराळा होता. चरकसंहितेत उन्मादाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वातज, पित्तज, कफज, सन्निपातज आणि आगंतुक. तिथे लक्षणे आहेत, कारणे आहेत, चिकित्सा आहे. कवीचा उन्माद आणि वैद्याचा उन्माद यांना एकच शब्द आहे, पण दोघांची गाठ सहसा पडत नाही.

तिसरा उन्माद प्रहसनाचा. पल्लव राजा महेंद्रवर्मा याच्या सातव्या शतकातील 'मत्तविलास' या प्रहसनात एक उन्मत्तक येतो. कापालिकाचे हरवलेले कपाल कुत्र्याने पळवलेले असते आणि ते या वेड्याच्या हाती लागलेले असते. शहाणे, धर्मनिष्ठ लोक एकमेकांवर चोरीचे आरोप करून थकतात, आणि गुंता सुटतो तो वेड्यामुळे. भासाच्या नावावर असलेल्या 'प्रतिज्ञायौगंधरायणा'त मंत्री यौगंधरायण वेड्याचे सोंग घेतो, राजाला सोडवण्यासाठी. दोन्हीकडे वेड्यामुळे हसू येते, दोन्हीकडे वेडा उपयोगी पडतो. पण तो कुणावर प्रेम करील अशी शंकाही नाटककाराला येत नाही. एका बाजूला प्रेम करणारा, हास्यास्पद न होणारा वेडा. दुसऱ्या बाजूला हसवणारा, प्रेम न करणारा वेडा. ही वाटणी आम्हाला पुढच्या सर्व इतिहासाचे मूळ वाटते. ती मोडण्याच्या सर्वांत जवळ जो गेला, तो विदर्भातला होता.

भवभूतीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनांत स्वतःविषयी जे सांगितले आहे ते संस्कृतच्या विद्यार्थ्यांना पाठ असते: दक्षिणापथातील विदर्भातले पद्मपूर, तैत्तिरीय शाखा, काश्यप गोत्र, उदुंबर कुळ, पिता नीलकंठ, माता जातुकर्णी. हे पद्मपूर कोणते यावर वाद झाले. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते गोंदिया जिल्ह्यातील आमगावजवळचे पदमपूर असल्याचे प्रतिपादन केले आणि दुर्ग येथे मिळालेल्या अपूर्ण वाकाटक ताम्रपटातील पद्मपुराच्या उल्लेखाचा त्याला आधार दिला. मिराशींनी लिहिले तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला तो १ मे १९९९ रोजी. हावड्याच्या लोहमार्गावर गोंदियाच्या पुढे आमगाव लागते, मग सालेकसा, दरेकसा आणि त्यापुढे छत्तीसगड. आमगावात भवभूतीच्या नावाचे महाविद्यालय आहे. कनोजच्या यशोवर्म्याच्या आश्रयाला गेलेल्या या कवीला त्याच्या गावाने असे परत आणले आहे.

भवभूती म्हटले की आपण 'उत्तररामचरित' उघडतो आणि करुणरसावर बोलू लागतो. ते योग्यच आहे. पण इथे आम्हाला हवे आहे ते त्याचे 'मालतीमाधव'. एकोणिसाव्या शतकात कृष्णशास्त्री राजवाडे यांनी ते मराठीत आणले. हे प्रकरण आहे, म्हणजे त्याचे कथानक कविकल्पित, पात्रे राजेरजवाडे नसून मंत्र्यांची मुले, आणि शेवट गोड. आजच्या भाषेत बोलायचे तर ही प्रेमसुखात्मिका आहे. माधव विदर्भाच्या मंत्र्याचा मुलगा. पद्मावती नगरीत शिकायला आलेला. मालती तिथल्या मंत्र्याची मुलगी. दोघांच्या पित्यांनी विद्यार्थिदशेतच व्याही होण्याचे ठरवलेले. पण राजाला मालती आपल्या मर्जीतल्या नंदनाला द्यायची आहे. कामंदकी नावाची वृद्ध बौद्ध भिक्षुणी दोघांना एकत्र आणण्याचा डाव मांडते. संन्यासिनीने लग्ने जुळवावीत, यातच नाटककाराचा मिश्कीलपणा दिसतो.

अशा नाटकात विदूषक हवाच. भवभूतीने तो काढून टाकला. त्याच्या तिन्ही नाटकांत विदूषक नाही, आणि यावरून त्याला विनोदाचे अंग नव्हते असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे. आम्हाला तो मान्य नाही. विदूषकाचे काम त्याने नायकाच्या मित्राकडे सोपवले आहे. माधवाचा हा मित्र मकरंद. सातव्या अंकात तो काय करतो ते पाहावे. मालतीचा नववधूचा वेश चढवून तो नंदनाशी लग्न लावून घेतो. पहिल्या रात्री या 'वधू'कडून नंदनाला असा काही प्रसाद मिळतो की तो पुन्हा तिचे तोंड पाहायचे नाही असे ठरवून निघून जातो. मग नंदनाची बहीण मदयंतिका वहिनीची कानउघाडणी करायला येते. मकरंद पांघरुणाखाली झोपेचे सोंग घेऊन पडलेला. बोलता बोलता मदयंतिका आपले प्रेम मकरंदावर असल्याचे सांगून बसते, आणि पांघरूण दूर होते. पुढे दोघे पळून जातात. आपल्या चित्रपटांनी स्त्रीवेशातल्या नायकाचे जे काही केले आहे त्याचे हे मूळ नसेल, पण पूर्वज नक्कीच आहे.

आता नववा अंक. कपालकुंडलेने मालतीला पळवले आहे. माधव विंध्याच्या रानात भ्रमिष्टासारखा फिरतो, ढगाकडे निरोप देऊ पाहतो, जनावरांशी बोलतो, पुन्हा पुन्हा मूर्च्छित होतो. आणि त्याच्याबरोबर कोण असते? तोच मकरंद. कालच ज्याने वधूवेशात धमाल उडवली, तो आज वेड लागलेल्या मित्राला सावरतो आहे, त्याचे लक्ष दुसरीकडे वळवू पाहतो आहे, त्याच्या बोलण्याला होकार द्यावा की नकार या पेचात आहे. पुरूरव्याजवळ असे कुणी नव्हते. कालिदासाचा उन्माद एकट्याचा आहे. भवभूतीच्या उन्मादाला साक्षीदार आहे, सोबती आहे, आणि त्या सोबत्याचे हाल नाटककाराला दिसतात. माधव उठत नाही असे पाहून मकरंदच कड्यावरून नदीत उडी घ्यायला निघतो, आणि सौदामिनी येऊन त्याला अडवते. मनोरुग्णाच्या घरात ज्यांनी दिवस काढले आहेत त्यांना हा क्षण समजावून सांगावा लागणार नाही. आजारी माणसाकडे सर्वांचे लक्ष असते. त्याची काळजी घेणारा कधी कोसळला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. ते बाराशे-तेराशे वर्षांपूर्वी एका नाटककाराच्या ध्यानात आले होते.

हसवणारा आणि सांभाळणारा एकच माणूस असू शकतो, हे 'मालतीमाधवा'चे देणे. मात्र एक अंतर उरतेच. माधव मुळात निरोगी आहे. मालती सापडली की त्याचा उन्माद उतरतो. प्रेम हेच त्याच्या वेडाचे कारण आणि तेच औषध. ही समजूत आपल्याकडे इतकी मुरली आहे की पुढे हजार वर्षांनी हिंदी पडद्यावरच्या मनोरुग्णालयांतही तीच चिकित्सापद्धती म्हणून वावरताना दिसते.

त्याआधी थोडे इमारतींविषयी. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ साली सुरू झाले. महाराष्ट्रात आज शासनाची जी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, त्यांतील ठाणे, येरवडा आणि रत्नागिरी ही तीन पश्चिमेकडे. पूर्व विदर्भातल्या रुग्णाची वाट नागपूरचीच. मुंबईकराने चिडून 'ठाण्याला पाठवा' म्हणावे, पुणेकराने 'येरवड्याला' म्हणावे, तसे नागपुरात पागलखाना हा शब्द चौकाच्या नावातही रुळलेला आहे. इमारत आली तसा वेडा गावातून दिसेनासा झाला. पूर्वी तो गावाच्या नजरेत होता. विदर्भातल्याच ऋद्धिपूरच्या गोविंदप्रभूंना लोक वेडा म्हणत, आणि महानुभावांनी त्यांच्या लीळा जतन केल्या; दुकानातून खाऊ उचलणारा, मुलांत खेळणारा, मन मानेल तसे वागणारा हा परमेश्वरपुरुष गावाने सांभाळला, त्याच्या वागण्याला हसलेही. त्या हसण्यात हाकलून देणे नव्हते. भिंत उभी राहिल्यावर विनोदाची जात बदलली. विनोद भिंतीच्या आतल्या माणसांविषयी, पण बाहेरच्यांनी बाहेरच्यांना सांगितलेला, असा झाला.

आधुनिक मराठी रंगभूमीवर वेड आले ते प्रथम शेक्सपिअरच्या हाताने. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी मंडळीच्या रंगमंचावर गणपतराव जोशांनी हॅम्लेट गाजवला आणि स्त्रीभूमिका बाळाभाऊ जोगांनी. हॅम्लेटचे वेड सोंगाचे आणि ऑफेलियाचे खरे, हा भेद मराठी प्रेक्षकाला तिथे भेटला. खरे वेडे होणाऱ्या बाईच्या वाट्याला मरण आले, हेही त्याने पाहिले.

पण आमच्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा नाटककार देवल आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले (१८९०) आणि फ्रेंच मोलिएरच्या नाटकाचा आयरिश मर्फीने केलेला अवतार घेऊन 'फाल्गुनराव' लिहिले (१८९३), ज्याचे १९१६ साली 'संगीत संशयकल्लोळ' झाले. वाचकांनी हे दोन विषय शेजारी ठेवून पाहावेत. एकच विकार: जोडीदाराच्या निष्ठेविषयीचा निराधार संशय. मनोविकारशास्त्राने पुढे या विकाराच्या तीव्र रूपाला ऑथेल्लोचेच नाव दिले. एकाच लेखकाने तो विकार एकदा बायकोचा गळा घोटेपर्यंत नेला आणि एकदा तसबिरीच्या घोटाळ्यात घालून प्रेक्षकांना हसवून हसवून बेजार केले. फाल्गुनराव आणि कृत्तिका, अश्विनशेठ आणि रेवती, चौघेही संशयाने पछाडलेले. आणि गंमत अशी की ज्याला जो पुरावा दिसतो तो त्याच्या संशयाला पुष्टीच देतो. भ्रम कसा चालतो याचे इतके अचूक चित्र आम्ही मराठीत दुसरीकडे पाहिलेले नाही. मनोविकारावरची मराठीतली पहिली प्रेमसुखात्मिका कोणती, असे आज कुणी विचारले तर आम्ही न अडखळता 'संशयकल्लोळ'चे नाव घेऊ.

अर्थात देवलांना ते रुग्ण वाटत नव्हते. आणि तिथेच सुखात्मिकेची सोय दिसते. तसबिरीचा उलगडा होताच सगळे शहाणे होतात. खरा भ्रम पुराव्याने जात नाही; पुराव्याने जात नाही म्हणूनच त्याला भ्रम म्हणतात. नाटकाच्या पडद्यानंतर, चार महिन्यांनी, फाल्गुनरावाच्या घरात काय चालले असेल याचा विचार केला तर हसू जरा आवरते घ्यावे लागते. आम्हाला वाटते की कृत्तिकेने तोपर्यंत दारामागे उभे राहून ऐकण्याची सवय पुन्हा लावून घेतली असेल. गडकऱ्यांचे अपुरे राहिलेले 'वेड्यांचा बाजार' नावापासूनच या वाटेचे. पण त्यातले वेड हे छंदाचे, खुळाचे. मराठीत खूळ हा शब्द फार सोयीचा आहे. आजाराचे दुःख वजा केल्यावर वेडात जे उरते ते खूळ.

दुःख वजा न करता लिहिणारा नाटककार १९५७ साली आला. वसंत कानेटकरांच्या 'वेड्याचं घर उन्हात'मध्ये घरातला कर्ता माणूसच ढासळतो. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने ते केले आणि डॉ. श्रीराम लागू त्यात होते. गळ्यात स्टेथोस्कोप अडकवणारा नट मन ढळलेल्या माणसाची भूमिका करतो, या योगायोगाची नोंद घेऊन आम्ही पुढे जातो. याच कानेटकरांनी चार वर्षांनी 'प्रेमा तुझा रंग कसा?' ही खेळकर सुखात्मिका लिहिली. एका लेखणीत दोन्ही होते. एका नाटकात मात्र ते आले नाही. देवलांचे जे झाले तेच कानेटकरांचे.

पडद्यावर ही वाटणी किती घट्ट आहे ते पाहायचे असेल तर १९७० चा 'पगला कहीं का' पाहावा. शक्ती सामंतांचा चित्रपट, शम्मी कपूर नायक. मित्रासाठी खुनाचा आळ अंगावर घेऊन तो वेडेपणाचे सोंग करतो आणि मनोरुग्णालयात जातो. तिथे धमाल, गाणी, आशा पारेख यांच्या रूपातल्या डॉक्टरीणबाईंवर प्रेम. सोंग आहे तोवर चित्रपट विनोदी असतो. पुढे त्याला खरोखरच वेड लागते, आणि त्या क्षणी विनोद खोली सोडून जातो. एकाच नटाच्या एकाच भूमिकेत यौगंधरायण आणि ऑफेलिया. त्याच वर्षीच्या 'खिलौना'त वेड्या कवीला बरे करायला तवायफ आणतात. आदल्या वर्षीच्या 'खामोशी'त, म्हणजे १९५९ च्या बंगाली 'दीप ज्वेले जाइ'च्या हिंदी अवतारात, परिचारिकेने प्रेमाचा अभिनय करून रुग्ण बरा करायचा असा प्रयोगच आहे. माधवाचे औषध इथे सरकारी रुग्णालयात टोचले जाते. पण 'खामोशी'चा शेवट आम्हाला मकरंदाची आठवण करून देतो: रुग्ण बरा होऊन जातो आणि परिचारिका राधा स्वतः त्याच खोलीत रुग्ण म्हणून जाते. वहिदा रेहमान यांच्या चेहऱ्यावर ते सारे आहे. कड्याशी तिला अडवायला सौदामिनी येत नाही.

मराठी चित्रपटाने हा सारा भडकपणा टाळला, याचे श्रेय सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांना. २००४ चा 'देवराई' स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची आणि त्याची बहीण सीना हिची गोष्ट. अतुल कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी. आजाराचे नाव घेऊन, औषधोपचारांसह, कुटुंबाच्या ओढाताणीसह तो समोर ठेवला गेला. स्किझोफ्रेनियाविषयी मराठी घरांत बोलणे त्याने सोपे केले. 'कासव' या त्यांच्या चित्रपटाला २०१६ सालच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. नैराश्याने मरू पाहणारा तरुण आणि त्याला कोकणातल्या किनाऱ्यावरच्या घरात ठेवून घेणारी, स्वतःही त्या अंधारातून गेलेली जानकी. त्यात कासवांच्या अंड्यांची राखण करण्याची जी कृती आहे तिच्यात मकरंदाचा सारा गुण आहे: न बोलता जवळ राहणे. सुमित्रा भावे २०२१ मध्ये गेल्या. त्यांच्या कामाविषयी आदर बाळगूनच आम्ही म्हणतो की या चित्रपटांत मकरंदाचा नववा अंक आहे, सातवा नाही. रुग्णाला समजून घेण्याच्या जबाबदारीने ते इतके भरलेले आहेत की रुग्णाला कुणाची थट्टा करायला, कुणाला चोरून पाहायला उसंतच मिळत नाही. एका पिढीला गैरसमज दूर करायचे होते. ते काम झाल्याशिवाय हसू सुचणे कठीणच.

हसू पुढे पुण्यात वाढलेल्या दिग्दर्शिकेने आणले, पण हिंदीत. गौरी शिंदे यांचा 'डिअर जिंदगी' २०१६ चा. झोप हरवलेली, प्रत्येक नाते तुटण्याआधी स्वतःच तोडणारी कायरा गोव्याला आईवडिलांकडे येते आणि समुपदेशनाच्या खुर्चीत बसते. शाहरुख खान यांचा समुपदेशक जहांगीर तिला हसवतो, समुद्रकाठी फिरवतो; ती त्याच्यात गुंतू लागते तेव्हा सौम्यपणे मर्यादा आखून देतो. प्रेमानेच वेड बरे होते ही जुनी समजूत मोडणारा हा नकार. आम्हाला तो फार आवडला. कायराचे दुःख रुग्णालयाच्या दारापर्यंत जाणारे नाही आणि तिची मिळकत बरी आहे, हे मान्य केले तरीही. दुसऱ्या टोकाला २०१९ चा 'जजमेंटल है क्या': त्याच्या मूळ शीर्षकातल्या 'मेंटल' या शब्दावर भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आक्षेप घेतला आणि नाव बदलावे लागले. शब्दाची लाज वाटू लागली, हे बरेच झाले. पण शब्द बदलून रुग्णाला नायकत्व मिळते असे नाही. १९६६ च्या 'किंग ऑफ हार्ट्स' या फिलीप द ब्रोकाच्या फ्रेंच चित्रपटात युद्धामुळे गाव सोडून गेलेल्या माणसांच्या घरांत मनोरुग्णालयातले लोक येऊन राहू लागतात. न्हावी, बिशप, सरदार बनतात, प्रेम करतात. तिथे शब्दांची फारशी भीड बाळगलेली नाही, पण प्रतिष्ठा पुरेपूर आहे. मात्र तेही वेडाचे काव्यमय रूप. त्या गावात कुणाला रात्री आवाज ऐकू येत नाहीत.

सुखात्मिका लग्नाशी संपते, म्हणून कायद्याकडेही पाहिले पाहिजे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमात, विवाहसमयी कोणताही पक्ष 'इडियट' वा 'लुनॅटिक' नसावा अशी अट होती. १९७६ मध्ये ते शब्द जाऊन संमती देण्याची क्षमता, विवाहाला व अपत्यप्राप्तीला अयोग्य ठरेल इतका मनोविकार, वेडाचे पुन्हा पुन्हा येणारे झटके, अशी शब्दरचना आली. अपस्माराचाही त्यात समावेश होता, तो १९९९ साली वगळला गेला. नुसते स्किझोफ्रेनिया हे नाव पुरेसे नाही, विकाराची तीव्रता पाहावी लागेल, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये एका घटस्फोटाच्या खटल्यात म्हटले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला समाजात राहण्याचा, प्रतिष्ठेचा हक्क दिला. विवाहाच्या कायद्यातले कलम मात्र आहे तसेच आहे. याचा प्रत्यक्ष परिणाम असा की स्थळ सांगून येते तेव्हा गोळ्यांचा डबा कपाटात जातो. आमच्या एका माजी विद्यार्थ्याने आम्हाला सांगितले होते: मुलगी पाहायला गेलो तेव्हा तिला सारे सांगावेसे वाटत होते, पण घरच्यांनी शपथ घातली होती, आणि चहा देताना तिचा हात जसा थरथरत होता त्यावरून तीही काहीतरी लपवत असावी असे वाटले. "कदाचित एकच गोळी असेल सर," असे म्हणून तो इतका हसला की आम्हीही हसलो. ते लग्न झाले नाही. त्याने सांगितलेला प्रसंग मात्र सुखात्मिकेतला पहिला प्रवेश म्हणून जशाच्या तसा चालेल, आणि तो कुणा शहाण्या लेखकाला सुचला नसता.

असा चित्रपट कोण करील? पुण्या-मुंबईकडे पाहण्याची आमची सवय आहे. पण परत गोंदियाकडे यावेसे वाटते. दिवाळी सरली की गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत मंडई भरते, शंकरपटांच्या निमित्ताने गावोगावी नाटके लागतात. वडसा-देसाईगंज हे या मंडळ्यांचे मुख्य ठाणे. थंडीत तणसावर, चटईवर बसलेले हजारो प्रेक्षक रात्रभर नाटक पाहतात. या रंगभूमीचे सौंदर्यशास्त्र शहरी समीक्षकांना अवघड जाते, कारण तिथे रडवणारा प्रवेश आणि हसवणारा प्रवेश यांच्यामध्ये भिंत नाही. बहिणीच्या विरहाने मैदान ओले होते आणि पुढच्या मिनिटाला विनोदी नट येऊन तेच मैदान हसवतो; प्रेक्षकाला यात काही विसंगत वाटत नाही. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीवरील कामासाठी. विदूषकाचे आणि सोबत्याचे काम एकाच रात्री, एकाच मांडवात चालवण्याची सवय या भागाला आहे. पदमपूरच्या कवीला हे कुठून सुचले, याचे उत्तर आम्ही अर्थातच इथून देणार नाही. बाराशे वर्षांचे अंतर गंमतीने ओलांडता येते, अभ्यासाने नाही.

त्या विद्यार्थिनीला आम्ही अखेर 'मालतीमाधवा'चे सातवा आणि नववा हे दोन अंक सलग वाचायला दिले. तिने आठवड्याने पुस्तक परत केले. मधल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने एकच प्रश्न होता: दहाव्या अंकात सगळ्यांची लग्ने लागतात, तेव्हा माधवाला त्या रानातले काही आठवते का, आणि मकरंद त्याला ते कधी विचारतो का?